जोड्या जुळवा

शाळेची किल्ली माझ्याकडे असते, शिकवणं नाही.
पहाटे दारातला बर्फ ओढायचा,
बॉयलरला दोन शिव्या द्यायच्या,
मग दिवा लावून उभं राहायचं.
आमच्या फ्योर्डात नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगरामागूनच ये-जा करतो,
गावाशी काही बिनसल्यासारखा.
मुलं अंधारात येतात,
मधल्या करड्या उजेडात नऊचा पाढा असतो.

एकतीस जोड बूट दारात उतरतात.
मी चेहरे बघत नाही, चेहरे धुऊन आलेले असतात.
बूट खरं बोलतात.
सोल्वेइगचे खेटून उभे: रात्री झोप झाली.
ओर्रीचा एक इथे, एक खिडकीखाली:
न्याहारीवरून भांडण.
थोर्गिल्सचे मात्र फार नीट.
टाचेला टाच, नाडी आत खोचलेली.
सात वर्षांच्या मुलाचे बूट
इतके नीट असू नयेत.

बाप ट्रॉलरवर, चाळीस दिवसांच्या फेरीला.
वर्गात हा लिहितो, खोडतो,
लिहितो, खोडतो,
कागदाला भोक पडेपर्यंत.
मग त्या भोकातून बाकाचं लाकूड बघत बसतो.
स्टेइनवोर बाई रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, "खाली हातमोजे साचलेत,
जरा दाग्नीला मदत कर."
दाग्नी म्हणजे मी.

हीटरवर ओल्या लोकरीचा वास,
मेंढीचा, थोडा मासळीचा.
त्याने बादली उपडी केली
आणि "डावा, डावा, उजवा" पुटपुटत
जोड्या जुळवायला बसला.
परीक्षेत असतो तसाच प्रश्न,
फक्त गुण नव्हते
आणि ब गटातलं बरंच काही बर्फात हरवलेलं.
मी काही विचारलं नाही.
विचारलं की मुलं उत्तर देतात.
सांगणं वेगळं.

सोळाव्या जोडीला म्हणाला,
"वारा सुटला की आई रेडिओ मोठा करते."
बऱ्याच वेळाने, एका लाल मोज्याचा अंगठा
आतून बाहेर काढत,
"मी काही चुकलो नाही, तर बोट परत येते."

अशा वेळी काय बोलायचं ते बाई शिकल्यात.
मी नाही.
मी त्याला दारावरची माझी पाटी दाखवली:
'बूट झटकुन आत या.'
झटकुनवर एक रेघ, वर बारीक अक्षरात झटकून.
ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जन्माचं वाकडं.

"नवा कागद का नाही घेतलास?"
"कशाला? लोक वाचतात, झटकतात, आत येतात.
आणि ही चूक केली ना,
त्याच दिवशी तुझा बाप
डेक भरून कॉड घेऊन धक्क्याला लागला होता."
खरं सांगायचं तर
तारीख मला नक्की आठवत नव्हती.

तो पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला.
"खाली अजून एक आहे," म्हणाला.
माझ्या कानावरची पेन्सिल घेतली,
शब्दावर एक रेघ मारली, एकच,
आणि वर लिहिलं.
तेही चुकीचं.
आम्ही दोघांनी बघितलं. राहू दिलं.

बाईंना मी काही बोलले नव्हते,
पण शाळेला कान असतात.
सोमवारी खोडरबर कपाटात गेले.
बाई फळ्यावर चुकल्या,
रेघ मारून पुढे गेल्या,
ओर्रीला हसू आवरेना.
थोर्गिल्स आता रोज दहा मिनिटं खाली येतो,
मोजे संपले तरी येतो,
पुस्तक घेऊन, बादलीवर बसून
मोठ्याने वाचतो, अडतो, मागे जातो.
बॉयलर आणि मी ऐकतो.

जानेवारीच्या पंचविसाव्या दिवशी
सूर्य डोंगरावर यायचा होता, चार मिनिटं.
सगळे काचेला नाक लावून उभे.
ढग आले.
पॅनकेक मात्र झाले होते, ते खाल्ले,
कुणी रडलं, कुणी उद्या म्हणालं.

घरी जायच्या आधी दारात पाहिलं:
थोर्गिल्सचा एक बूट आडवा,
दुसरा ओर्रीच्या बुटावर चढलेला.
मी ओलांडून गेले.